बोअरचा दुसरा अहवाल खात्याकडेच होता, आता काय करायचं?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून, नाव न देण्याच्या विनंतीवरून):

"आमची बांधकामाची छोटी फर्म आहे. वडिलांनी सुरू केली. आता साइट भाऊ पाहतो आणि हिशेब-कागदपत्रं मी. दीड वर्षापूर्वी एका सरकारी खात्याचं पुलाचं टेंडर आम्हाला मिळालं. एकरकमी (लमसम) ठेका आहे. टेंडरसोबत तीन बोअरचा (जमिनीत खोल भोकं पाडून केलेल्या माती-खडकाच्या तपासणीचा) अहवाल होता आणि त्यात दोन्ही काठांना पाच-सहा मीटरवर कठीण खडक दाखवला होता. प्रत्यक्षात डाव्या काठाला बारा मीटर खाली गेलो तरी गाळ आणि गोटेच लागतात. लमसम असल्यामुळे जास्तीच्या खोलीचा पैसा मिळत नाही. गेल्या महिन्यात खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी भावाला मोबाइलवर काही फोटो पाठवले. त्याच जागेचा सात वर्षांपूर्वीचा बोअर अहवाल आहे आणि त्यात डाव्या काठाला तेरा मीटरपर्यंत गाळ दाखवला आहे. प्री-बिडच्या (टेंडर भरण्याआधीच्या प्रश्नोत्तरांच्या) वेळी आम्ही लेखी विचारलं होतं की या जागेची आणखी कुठली तपासणी झाली आहे का. सीएसडीत (अशा प्रश्नांना खात्यानं सगळ्यांसाठी काढलेल्या एकत्रित लेखी उत्तरांत) उत्तर आलं, 'टेंडरमधील माहिती पाहावी.' आता खातं म्हणतं, तुम्ही जागा पाहून भाव भरलात, बोअरची माहिती फक्त मार्गदर्शनासाठी होती. वडील म्हणतात काम बंद करा आणि कोर्टात जा. भाऊ म्हणतो गप्प बसा, नाहीतर काळ्या यादीत जाऊ. दुसऱ्या क्रमांकावरच्या ठेकेदाराचा दर आमच्यापेक्षा बराच वर होता आणि तो याच खात्याची कामं वर्षानुवर्षं करतो. त्याला हे माहीत असेल का? खात्यानं माहिती लपवली असेल तर कायदा आमच्या बाजूनं आहे का?"

ताई,

आधी सरळ उत्तर देते. माहिती नुसती दिली नाही एवढ्यावर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहत नाही. पण तुम्ही लेखी विचारलं होतं आणि खात्यानं त्या प्रश्नाला बगल दिली. या एका गोष्टीनं तुमचं प्रकरण इतर शंभर ठेकेदारांच्या तक्रारींपेक्षा वेगळं होतं. तो प्रश्न आणि सीएसडीतलं ते उत्तर हे तुमचे सगळ्यात महत्त्वाचे कागद आहेत. त्यांच्या मूळ प्रती, ईमेल असेल तर ईमेल, पोर्टलवर टाकला असेल तर तारखेसह त्याची छापील प्रत, आजच बाजूला काढून ठेवा.

असं का म्हणते ते नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी लढाई याच मुद्द्यावर होणार आहे. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याचं कलम 17 सांगतं की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करणाऱ्या गोष्टीबद्दल नुसतं मौन पाळणं म्हणजे फसवणूक नव्हे. याला दोन अपवाद आहेत. बोलणं हे त्या माणसाचं कर्तव्यच असेल, किंवा त्याचं मौनच बोलण्याइतकं ठरत असेल, तर मात्र ती फसवणूक होते. कायद्यानं उदाहरण घोड्याचं दिलं आहे. लिलावात विकणाऱ्यानं घोड्यातला दोष माहीत असून सांगितला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन,' आणि विकणारा गप्प बसला, तर त्याचं मौन म्हणजे बोलणंच. तुमचा प्री-बिडचा प्रश्न या दुसऱ्या उदाहरणाच्या फार जवळ जातो. तुम्ही विचारलंत 'आणखी तपासणी झाली आहे का?' आणि उत्तर आलं 'टेंडरमधली माहिती पाहा.' साधारण बुद्धीचा कुठलाही ठेकेदार यातून एवढंच समजेल की जे आहे ते टेंडरमध्ये आहे. याशिवाय त्याच कलमात, एखादी गोष्ट माहीत असलेल्या माणसानं ती सक्रियपणे दडवणं, हा फसवणुकीचा वेगळा प्रकार सांगितला आहे. प्रश्न समोर असताना दिलेलं अर्धं उत्तर नुसत्या मौनात मोडतं की दडवण्यात, हा तुमच्या वकिलांचा मुख्य युक्तिवाद असेल.

आता खात्याच्या उत्तराकडे येऊ. 'जागा पाहून भाव भरलात, माहिती फक्त मार्गदर्शनासाठी' असा खंड जवळजवळ प्रत्येक टेंडरमध्ये असतो आणि खात्यातले लोक तो शेवटचा शब्द असल्यासारखा दाखवतात. तो तसा नाही. 1907 सालचा पिअर्सन विरुद्ध डब्लिन कॉर्पोरेशन हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल आहे. सांडपाण्याच्या कामाच्या नकाशात एक जुनी भिंत ठरावीक पातळीच्या नऊ फूट खालपर्यंत गेलेली दाखवली होती. प्रत्यक्षात ती तशी नव्हती. करारात स्पष्ट लिहिलं होतं की जुन्या बांधकामांची खात्री ठेकेदारानं स्वतः करून घ्यावी. लॉर्ड्सनी सांगितलं की असा खंड प्रामाणिक चुकांसाठी चालेल, पण जाणूनबुजून खोटं विधान करणाऱ्याला त्याच्याआड लपता येणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1914 साली होलरबाक खटल्यात याच्याही पुढे पाऊल टाकलं, आणि तिथे लबाडीचा आरोपही नव्हता. केंटकीतल्या एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या टेंडरमध्ये लिहिलं होतं की बंधाऱ्यामागे फुटका दगड, भुसा आणि गाळ आहे. खोदल्यावर लाकडी ओंडक्यांचे दगड भरलेले सांगाडे निघाले. जागा पाहून घ्या असा सर्वसाधारण खंड तिथेही होता. न्यायालयानं म्हटलं की सरकारनं एखादी गोष्ट ठामपणे सांगितली असेल, तर त्या सर्वसाधारण खंडानं तिची जबाबदारी पुसली जात नाही. हे परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर किंवा लवादावर बंधनकारक नाहीत. ते मार्ग दाखवतात, आणि इंग्लंडचे जुने निकाल करार कायद्याच्या वादात आपल्याकडे नेहमी वाचले जातात.

दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असायला हवी, कारण खात्याचा वकील ती नक्की मांडेल. जिब्राल्टरच्या विमानतळाजवळ धावपट्टीखालून बोगदा आणि रस्ता करण्याचं काम होतं. ठेकेदार कंपनीनं म्हटलं की माती अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दूषित निघाली. 2014 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयानं कंपनीचं म्हणणं फेटाळलं. टेंडरसोबतच्या पर्यावरण अहवालात दूषित मातीचे इशारे होते. अनुभवी ठेकेदारानं चाचण्यांच्या आकड्यांची बेरीज करून थांबायचं नसतं, जागेचा इतिहास पाहून स्वतःचा अंदाजही बांधायचा असतो, असं त्या निकालाचं सार आहे. म्हणून तुमच्या तीन बोअरच्या लॉगमधली (कुठल्या खोलीला काय लागलं त्या नोंदीतली) प्रत्येक ओळ भूगर्भ तज्ज्ञाकडून वाचून घ्या. डाव्या काठाला बोअर नेमका कुठे घेतला होता? पायाच्या जागी, की पंधरा-वीस मीटर बाजूला? कोअर रिकव्हरी (बोअरमधून हाती आलेल्या खडकाच्या नमुन्याचं प्रमाण) किती लिहिली आहे? 'खडक' म्हटलेली गोष्ट एखादा मोठा गोटा असू शकेल, असा संशय त्यातून यायला हवा होता का? याची उत्तरं तुमच्या विरोधात जाणारी असतील, तर ती खात्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आधी तुमच्या वकिलांना माहीत असलेली बरी.

कलम 19 मधल्या एका अटीमुळे हा मुद्दा आणखी नाजूक होतो. फसवण्याच्या हेतूशिवाय केलेलं चुकीचं विधान असेल किंवा मौनातून झालेली फसवणूक असेल, आणि साधारण काळजी घेतली असती तर सत्य तुम्हाला कळू शकलं असतं, तर करार रद्द करण्याचा हक्क जातो. म्हणजे खातं विचारणार की तुम्ही स्वतः बोअर का घेतला नाही. टेंडर भरायला किती दिवस होते, नदीपात्रात मशीन न्यायला खात्याची परवानगी लागली असती का, त्या दिवसांत पात्रात पाणी किती होतं, हे सगळं लिहून काढा. थोड्या दिवसांत, परवानगीशिवाय, वाहत्या पात्रात स्वतः बोअर घेणं ही 'साधारण काळजी' नव्हे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आणि खात्याला लेखी विचारणं, जे तुम्ही केलंत, हीच साधारण काळजी. सक्रियपणे दडवल्याचं सिद्ध झालं तर ही अट आडवी येत नाही. म्हणून कुणाला काय माहीत होतं, हा शोध इतका महत्त्वाचा आहे.

तो शोध घ्यायचा तर माहितीचा अधिकार हा तुमच्या हातातला सर्वांत चांगला मार्ग आहे. मोबाइलवरचे फोटो पुरावा म्हणून पुढे करू नका. त्यांची अस्सलता सिद्ध करणं अवघड जाईल आणि ज्यांनी भलेपणानं ते पाठवले त्यांना त्रास होईल. त्यांचं नाव कुठल्याही पत्रात येऊ देऊ नका. फोटोंचा उपयोग एवढाच की कुठला कागद मागायचा हे आता तुम्हाला ठाऊक आहे. 2005 च्या कायद्यानं हा हक्क नागरिकांना दिला आहे, त्यामुळे अर्ज फर्मच्या लेटरहेडवर न करता स्वतःच्या नावानं करा. 'का दडवलं' असं विचारू नका. कागद मागा. त्या पुलाच्या जागेची आजवर झालेली सर्व भूतांत्रिक तपासणी, त्यासाठी दिलेले कार्यादेश, तपासणी करणाऱ्याला दिलेली बिलं, अंदाजपत्रक आणि टेंडर तयार करतानाच्या फाइलवरच्या टिपण्या, प्री-बिडचे सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं तयार करतानाच्या नोंदी. बिलांची मागणी मुद्दाम सांगते आहे. अहवाल 'सापडत नाही' असं उत्तर आलं तरी त्याचे पैसे दिल्याची नोंद सहसा सापडते. या कायद्याच्या व्याख्येत माहिती मिळवणं म्हणजे नुसत्या झेरॉक्स घेणं नाही. फाइल प्रत्यक्ष पाहणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही त्यात येतं. जुन्या बोअरच्या कोअर बॉक्स अजून गोदामात असतील तर त्याही मागता येतात, आणि दगडमातीचे ते तुकडे कुठल्याही साक्षीपेक्षा जास्त बोलतील.

उत्तरासाठी खात्याला 30 दिवस असतात. अहवाल खासगी सल्लागाराचा आहे म्हणून त्याचं म्हणणं मागवायचं ठरवलं तर 40. 'व्यापारी गुपित' असा नकार आला तर घाबरू नका. सरकारी पैशानं सरकारी जागेची केलेली माती तपासणी कुणाचं व्यापारी गुपित असल्याचं पटवून देणं खात्याला फार जड जाईल. पुढे वाद लवादाकडे गेल्यावर 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असंही सांगतील. कायद्यात तसा सरसकट अपवाद नाही. न्यायालयानं किंवा न्यायाधिकरणानं ती माहिती उघड करण्यास स्पष्ट मनाई केली असेल, किंवा ती उघड करणं न्यायालयाचा अवमान ठरत असेल, तरच तो नकार टिकतो. नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील आणि त्या अपिलाच्या निर्णयानंतर 90 दिवसांत दुसरं, या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वडिलांचा राग मला समजतो. पण काम बंद करू नका. फसवणूक सिद्ध होण्याआधी तुम्ही काम थांबवलंत तर करारभंग तुमच्या माथी येईल. खातं ठेका रद्द करील, बँक गॅरंटी वटवेल, उरलेलं काम तुमच्या खर्चानं दुसऱ्याकडून करून घेईल आणि मग तुमची सगळी ताकद बचावातच जाईल. कलम 19 चा दुसरा परिच्छेद अनेक ठेकेदारांना माहीत नसतो आणि तुमच्यासाठी तोच कामाचा आहे. फसवणुकीमुळे किंवा चुकीच्या विधानामुळे करार केलेल्या माणसाला करार रद्दच केला पाहिजे असं बंधन नाही. करार पूर्ण करून घ्या आणि ते विधान खरं असतं तर मी ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत मला आणून ठेवा, असं तो मागू शकतो. म्हणजे खडक खरोखर सहा मीटरवर असता तर तुमचा जो खर्च झाला असता आणि आता जो होतो आहे, त्यातला फरक. मात्र दुसऱ्या अहवालाची माहिती मिळाल्यावरही न बोलता काम करत राहिलात, तर तुम्ही सगळं मान्य केलंत असा अर्थ काढला जाईल. म्हणून याच आठवड्यात पत्र द्या. करारातला वाद निवारणाचा खंड वाचा, सूचना कुणाला आणि किती दिवसांत द्यायची ते पाहा आणि त्याच पत्त्यावर पोहोच घेऊन द्या. जमीन टेंडरमधल्या माहितीपेक्षा वेगळी निघाली, आम्ही हक्क राखून काम चालू ठेवत आहोत, दोघांनी मिळून संयुक्त मोजमाप घ्यावं, या जागेचे इतर सर्व तपासणी अहवाल आम्हाला द्यावेत, एवढंच त्यात असू द्या. 'फसवणूक' हा शब्द पहिल्या पत्रात नको. तो आरोप तपशिलासह करावा लागतो, कुणी, केव्हा, काय जाणून, आणि ते तपशील अजून तुमच्या हातात नाहीत. पुराव्याआधी तो शब्द वापरला की खात्यातले जे दोन-तीन जण तुम्हाला मदत करू शकले असते त्यांचेही दरवाजे बंद होतात.

त्याच वेळी खर्चाचा हिशेब वेगळा ठेवायला लागा, आणि इथे तुमचं काम भावाच्या कामाइतकंच मोठं आहे. डाव्या काठाच्या पायांसाठी पंपाचे तास, डिझेल, मजूर, मशीनचं भाडं, रोजची खोली, तारीख दिसणारे फोटो. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या तक्त्याला लवादापुढे किंमत नसते. साइट रजिस्टरवर खात्याच्या माणसाची सही रोज मागा. तो देत नसेल तर मागितल्याची नोंद करा. आणि टेंडर भरताना तुम्ही केलेलं दराचं विश्लेषण शोधून काढा, मग ते एक्सेलमध्ये असो की वडिलांच्या वहीत पेन्सिलीनं. त्यात खोदाईची खोली बोअरच्या अहवालावरून धरली होती हे दिसलं, तर त्या माहितीवर विसंबूनच भाव भरला हे सिद्ध होईल. चुकीच्या विधानामुळे तुमचा निर्णय झालाच नसेल तर त्याचा फायदा कायदा देत नाही, त्यामुळे त्या वहीचं मोल मोठं आहे.

दुसऱ्या क्रमांकावरच्या ठेकेदाराचा विचार तुम्ही सोडून द्यावा असं म्हणणार नाही, पण जपून करा. त्याला जुना अहवाल माहीत होता असं निघालं तर तो गंभीर प्रकार आहे. एकाच स्पर्धेतल्या सगळ्यांना एकच माहिती मिळणं हा टेंडर पद्धतीचा पाया आहे. तो ढासळला की ज्याला काही माहीत नाही तोच सर्वांत कमी भाव भरतो, काम त्याला मिळतं, तो बुडतो, पूल रखडतो आणि पलीकडच्या गावांची वाट अडते. याची मला मनापासून चीड येते. पण तुमच्या दाव्यात हा मुद्दा उलटूही शकतो. खातं म्हणेल, त्यानंही हीच तीन बोअर वाचली आणि धोका ओळखून भाव वाढवला, मग तुम्हाला का नाही दिसला? त्यामुळे सात वर्षांपूर्वी त्या भागात त्याचं काम चालू होतं का, जुन्या तपासणीशी त्याचा काही संबंध होता का, हे कागदावर दिसेपर्यंत त्याचं नाव काढू नका. टेंडरचा निर्णय झाल्यावर स्पर्धकांची कागदपत्रं गुप्त ठेवण्याचं कारण उरत नाही, असं झारखंड उच्च न्यायालयानं म्हटलं आहे. त्या ठेकेदाराच्या दरांचा तक्ता मागताना वकिलांना तो निकाल दाखवता येईल.

भावाची भीती खोटी नाही. पण काळ्या यादीत टाकणं ही अधिकाऱ्याची लहर नसते. नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय तसं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1970 च्या दशकातच सांगितलं. 2014 मध्ये त्याच न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे नोटिशीतच कळायला हवं. माहिती मागितली किंवा लवादाची मागणी केली, हे त्याचं कारण होऊ शकत नाही. बिलं रखडणं, फोन न उचलणं हा त्रास मात्र होईल आणि त्यासाठी तीन-चार महिन्यांच्या खेळत्या भांडवलाची सोय आत्ताच पाहून ठेवा. गप्प बसून बारा मीटरची खोदाई सहा मीटरच्या पैशात करणंही फर्मला झेपणार नाहीच.

कोर्ट की लवाद हा प्रश्न बहुतेक तुमच्या करारानंच सोडवला असेल. लवादाचा खंड असेल तर तिथेच जावं लागेल. दोन पक्षांमधल्या व्यवहारातला फसवणुकीचा आरोप लवादापुढे चालू शकतो, हे आता सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी बऱ्यापैकी स्थिर झालं आहे. मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. फसवणूक दडवलेली असेल तर ती उघड झाल्यापासून मोजता येते, पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. वकील निवडताना बांधकामाचे लवाद चालवलेला निवडा, आणि पहिल्या भेटीला टेंडरचा पूर्ण संच, सीएसडी, दराचं विश्लेषण आणि कार्यादेश घेऊन जा.

येत्या काही महिन्यांत रनिंग बिलासोबत (काम चालू असतानाच्या टप्प्याच्या बिलासोबत) किंवा मुदतवाढीच्या अर्जासोबत तुमच्यासमोर एक छापील कागद येईल. त्यावर 'आमची कोणतीही जादा मागणी नाही' अशी ओळ असेल. बिलासाठी घाई असेल, भाऊ साइटवर असेल आणि कारकून म्हणेल की सगळेच सही करतात. हक्क राखून सही करत असल्याचं त्याच कागदावर लिहिल्याशिवाय ती करू नका. तसं लिहू दिलं नाही तर त्याच दिवशी वेगळं पत्र देऊन पोहोच घ्या.